नलूताईंची ट्रायल

“जया, पंखा बंद कर रे. आवाज येतोय त्याचा.”

काचेपलीकडून नलूताई असं म्हणाल्या तेव्हा मी कीबोर्डवर वाकून सनई शोधत होतो. माइक चालू होता, हेडफोन माझ्या कानाला होते, म्हणजे पंख्याची घरघर आधी मला ऐकू यायला हवी होती. रेकॉर्डिस्ट मी होतो. पण ताईंचे कानच तसे. मिरजेतल्या मुलींच्या शाळेत त्यांनी सत्तावीस वर्षं गाणं शिकवलं होतं, आणि साठ मुलींच्या घोळक्यात नेमकी कोण सूर सोडून खाली गेली ते त्या पाठमोऱ्या उभ्या राहून सांगायच्या. मला पेटी त्यांनीच शिकवली.

“कसले कान आहेत हो तुमचे,” मी उठत म्हणालो आणि पंखा बंद केला.

“कान शाबूत आहेत तेच बरं. गळ्याचं वीस तारखेपर्यंतच आहे. पुढं कानांवरच भागवायचंय.”

त्या हसत म्हणाल्या, पण मला हसू आलं नाही. त्या दिवशी मार्चची सहा तारीख होती. वीस तारखेला गावातल्याच एका दवाखान्यात नलूताईंचं स्वरयंत्र काढून टाकायचं ठरलं होतं. गाठ वरच्या अंगाला होती, म्हणून आवाज अजून बराचसा जागेवर होता. चढ्या सुरात किंचित खर येत होती एवढंच. ऑपरेशननंतर मात्र गाणं नाही आणि बोलणंही नाही. डॉक्टरांनी हे स्वच्छ सांगितलं होतं. ताईंनी त्यावर फक्त “बरं” म्हटलं आणि घरी येऊन वही उघडली, असं रेवा मला म्हणाली.

रेवा म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. तिचे वडील ती सहावीत असतानाच गेले. तिला सख्खा मामा नव्हता, तो मान माझ्याकडे आला होता. मे महिन्यात तिचं लग्न होतं. नवरामुलगा मस्कतला नोकरीला, त्याला त्याआधी रजा मिळत नव्हती, आणि ऑपरेशन मेपर्यंत थांबणार नव्हतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या लग्नांत मंगलाष्टका नलूताईंनी म्हटल्या होत्या, नवरा-नवरीची नावं गुंफून, दर वेळी नव्या रचून. आता स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्या मुक्या उभ्या राहणार होत्या. म्हणून त्यांनी पाच कडवी रचून आणली होती. ती माझ्या स्टुडिओत रेकॉर्ड करायची आणि मेमध्ये अंतरपाट धरला की स्पीकरवर लावायची. एवढंच काम होतं.

“मी एकदा गाऊन दाखवते. तू बघ तुझं काय ते.”

लाल बटण मी मघापासूनच दाबून ठेवलं होतं, तेही आवाजाची पातळी ठरवण्यापुरतं. ताईंनी तानपुऱ्याची छोटी पेटी सुरू केली, डोळे मिटले आणि पाचही कडवी सलग गायल्या. तिसरं मला अजून पाठ आहे.

*रेवा माझि निघे घरातुन अता, डोळ्यांत पाणी नको,*
*जेथे जाशिल तू तिथे उमलु दे गाणे तुझ्या अंगणी...*

संपलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. डोळे नाही पुसले, चष्मा पुसला.

“आलं का रे?”

“आलं, पण ही ट्रायल होती, ताई. तुम्ही तुमच्या मनानं थांबत होता, मनानं पुढं जात होता. माझी वाद्यं यात बसायची नाहीत.”

“मंगलाष्टकांना कसली वाद्यं रे?”

“ऐका तरी.”

माझी काय अवस्था होती ते आता सांगतो. तंतुवाद्यांच्या दुकानावरच्या माडीत माझा स्टुडिओ. खाली तानपुऱ्याचे भोपळे वाळत पडलेले, वर मी भिंतींना गाद्या ठोकून बसलेला. निवडणुकीच्या घोषणा, अंगणवाडीची गाणी, वरातीच्या बँडसाठी तयार ठोके, असलं काय काय मी करत होतो. वय अडतीस. आपल्यात काहीतरी आहे आणि जगाला ते दिसत नाही, असं वाटायचं ते वय. महिन्यापूर्वी कोल्हापूरचे एक सीडीवाले मला म्हणाले होते, “लग्नसोहळ्याची सीडी काढतोय, चांगला नमुना असेल तर पाठवा.” ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं. त्यामुळे ताईंनी मंगलाष्टकांचं नाव काढल्यापासून मी झपाटल्यासारखा त्यांच्या मागचं संगीत करत होतो. सनई, चौघडा, संतूर, दोन बासऱ्या, व्हायोलिनचे चार थर. मोजून एकतीस वाद्यं, आणि सगळी संगणकाच्या पोटातली.

मी संगीत लावलं. सनई उठली, संतूर आलं, चौघडा घुमला. ताईंनी मान डोलावली आणि माझी छाती फुगली. मग व्हायोलिनं आली आणि फट, फटफट, फट असे आवाज यायला लागले. सूर तुटले, अडखळले आणि सगळंच ठप्प झालं. पडद्यावर मेमरी कमी पडत असल्याची पाटी आली.

मी परत लावलं. परत तेच. तिसऱ्यांदा ताईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“मक्याच्या लाह्या भाजतोयस का रे आत?” त्या म्हणाल्या. “दम लागतोय बघ त्याला. जिना चढताना मला लागतो तसा.”

मी खजील झालो आणि खजील झालो की मला राग येतो. मी संगणकाच्या डब्यावर एक चापट मारली. तेवढ्यात रेवा त्यांना न्यायला वर आली. काय झालं ते तिनं ऐकलं आणि सहज म्हणाली, “मामा, तोवर मी आईचं माझ्या मोबाइलवर घेऊन ठेवू का? असू दे आपलं एक.”

“मोबाइलवर?” मी असा काही म्हणालो की तिनं हातातला मोबाइल परत पिशवीत टाकला. “लग्नात पाचशे लोकांसमोर डब्यातून आल्यासारखा आवाज ऐकवायचाय का आईचा? मी कशाला बसलोय इथं? अगं, असं रेकॉर्डिंग करून देतो की व्याही मंडळी उठून उभी राहतील.”

रेवानं आईकडं बघितलं. आईनं माझ्याकडं बघितलं.

“तो म्हणतोय ना,” ताई म्हणाल्या. “त्याला कळतं त्यातलं.”

त्यांच्यासमोरच मी इरफानला फोन लावला. इरफान मुजावर म्हणजे सांगलीचा संगणकवाला. माझा डबा त्यानंच जुळवून दिला होता. मी म्हटलं, दोन जीबी रॅम आहे, वाद्यं अडखळतायत, आणखी दोन टाकली तर? फोनवर तो बरंच काही बोलला. त्यातलं मला हवं होतं ते मी ऐकलं आणि फोन ठेवून जाहीर केलं, “रॅम वाढवली की वाद्यं बसतात. पुण्याहून मागवतो म्हणतोय. तीन-चार दिवस.”

“वीस तारखेच्या आत ना?” ताईंनी विचारलं. साधाच प्रश्न होता, पण मला तो अजून ऐकू येतो.

“आठवडाभर हातात राहतो, ताई. आणि तोवर गळ्याला पूर्ण विश्रांती. घरी गायचं नाही, गुणगुणायचंही नाही. सगळा आवाज माझ्यासाठी राखून ठेवायचा.”

“जशी आज्ञा,” असं म्हणून त्यांनी मला सलाम ठोकला आणि रेवाचा हात धरून त्या जिना उतरल्या.

त्या गेल्यावर मी टेबल आवरलं. माझी एक सवय होती आणि मला तिचा अभिमान होता. दिवसाच्या शेवटी सगळ्या ट्रायली पुसून टाकायच्या, कचऱ्याचा डबाही रिकामा करायचा. डिस्क लहान होती हे एक कारण, आणि दुसऱ्या दिवशी कोरं काम समोर असलं की मला बरं वाटायचं. त्या दिवशीही मी पुसल्या. अंगणवाडीच्या सहा, एका उमेदवाराच्या भाषणाच्या दोन आणि नलूताईंची एक.

चार दिवसांनी रॅम आली ती चुकीची. खाच वेगळ्या ठिकाणी होती, आमच्या डब्यात बसेना. इरफाननं पुण्याला फोन करून चार शब्द सुनावले आणि दुसरी मागवली. मी ताईंना सांगायला त्यांच्या घरी गेलो. त्या पलंगावर बसून लग्नाच्या अक्षता कुंकवात घोळवत होत्या, दोन महिने आधीच. “पुढं माझ्यात ताकद असेल नसेल,” म्हणाल्या. आवाज आणखी जड झाला होता. जिना चढायला नको म्हणून त्या आता घरातल्या माडीवर जातही नव्हत्या.

रेवा मला दाराबाहेर सोडायला आली.

“मामा, घर किती शांत झालंय माहितीये? आई स्वयंपाक करताना नेहमी काहीतरी गुणगुणायची. चार दिवस चकार शब्द नाही. मी म्हटलं, एखादं कडवं तरी म्हण. तर म्हणते, जयानं सांगितलंय, राखून ठेवायचा.”

“बघ, शिस्त म्हणतात ती ही,” मी म्हणालो. मला खरंच तसं वाटलं होतं.

बारा तारखेला बरोबर रॅम आली. इरफाननं डबा उघडला, फुंकर मारून धूळ उडवली आणि पट्ट्या खटकन बसवल्या. चार जीबी टाकली, पण पडद्यावर दिसली सव्वातीन. “ह्या सिस्टीमला त्याच्या वरची दिसतच न्हाई,” इरफान म्हणाला. “पर तुमचं काम हुतंय बघा.” मला सव्वातीनही रग्गड होती. मी जवळ जपून ठेवलेल्या सात डीव्हीडी काढल्या. एका मित्राकडून व्हायोलिनच्या ताफ्याचे नवे आवाज आणले होते. जागा आणि मेमरी नाही म्हणून इतके दिवस तसेच पडून होते. ते सगळे डिस्कवर उतरवले. डिस्क काठोकाठ भरली. रात्रभर पुरलं ते काम.

तेरा तारखेला सकाळी मी एकतीसची चाळीस वाद्यं करून संगीत लावलं. एकही फट आवाज आला नाही. व्हायोलिनं अशी काही उठली की माझ्या अंगावर काटा आला. मी त्या गाद्या ठोकलेल्या खोलीत एकटाच टाळ्या वाजवत होतो. ताईंना दुपारी चारला यायला सांगितलं होतं. माइक पुसला, त्यांच्यासाठी खुर्चीवर उशी ठेवली, कोमट पाण्याचा थर्मास भरून आणला.

अकरा वाजता रेवाचा फोन आला. “मामा, पहाटे आईला श्वासच घेता येईना. दवाखान्यात आणलंय. गळ्याला भोक पाडून नळी बसवलीय. डॉक्टर म्हणतात, वीस तारखेची वाट बघायची नाही, उद्याच ऑपरेशन.”

मी विचारलं, “आवाज?” आधी आवाजाचं विचारलं, ताई कशा आहेत ते नंतर. ही गोष्ट मला स्वतःबद्दल कधीच आवडलेली नाही.

“नळी आहे, मामा,” रेवा म्हणाली. “कसला आवाज?”

ऑपरेशन नीट पार पडलं. सहाव्या दिवशी मला आत सोडलं. नलूताई उशांना टेकून बसल्या होत्या, गळ्याला पट्ट्या, आणि मांडीवर शाळेतली दगडी पाटी. मला बघताच त्यांनी पेन्सिल उचलली आणि त्या शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं, “रॅम आली?”

मी मान हलवली.

“वाजतंय आता?”

“वाजतंय, ताई.”

त्यांनी हात पुढं केला. मी सीडी आणि छोटा प्लेअर घेऊनच गेलो होतो, का ते देव जाणे. हेडफोन त्यांच्या कानाला लावले. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं, बोटानं चादरीवर ठेका धरला. पाच कडव्यांच्या जागा रिकाम्या होत्या, व्हायोलिनं नुसतीच पुढं पुढं जात होती. संपल्यावर त्यांनी हेडफोन काढले. मग लिहिलं, “सुरेख. पण मला श्वास घ्यायला जागा कुठे ठेवली होतीस?”

त्या थट्टा करत होत्या की चूक दाखवत होत्या, मला कळलं नाही. दोन्ही असेल. पंचवीस वर्षांपूर्वी पेटी शिकताना हेच ऐकलं होतं त्यांच्याकडून, गाणाऱ्याला श्वास घेऊ दे, तू धावू नकोस.

त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. “ती पहिल्या दिवशीची ट्रायल? बरी झाली होती. तीच लाव लग्नात.”

“बघतो,” मी म्हणालो. “असेल.”

मी तडक सांगलीला जाऊन इरफानला उचलून आणलं. पुसलेल्या फायली परत काढायची युक्ती असते हे मला ऐकून माहीत होतं. इरफाननं डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली आणि दोन दिवस शोध चालला. पडद्यावर नावं येत होती, तुकडे येत होते. अंगणवाडीची पोरं सापडली, सहाच्या सहा. त्या उमेदवाराचं भाषण सापडलं, अक्षर न् अक्षर. नलूताई सापडेनात.

दुसऱ्या दिवशी दुपारी इरफाननं खुर्ची माझ्याकडं वळवली.

“जयाभाऊ, पुसलेली फाईल लगेच जात न्हाई. जागा रिकामी म्हणून नोंद हुती, पर आवाज तिथंच पडून असतो. त्याच्यावर दुसरं काय बसवलं, मग गेली. तुम्ही त्या सात डीव्हीड्या उतरवल्या न्हवं? ती व्हायोलिनं बसलीत तिथं.”

“म्हणजे परवा-परवापर्यंत होती?”

“बाराला सकाळी मी रॅम बसवायला आलो, तवा हुती. मला तवा बोल्ला असता तर दहा मिनिटांत काढून दिली असती.”

इरफान चांगला माणूस, त्याला मला टोचायचं नव्हतं. पण त्यालाही राहवलं नाही. खालच्या आवाजात म्हणाला, “मी तवा फोनवर काय सांगितलंतं, ध्यानात हाय का?”

ध्यानात होतं. सगळं ध्यानात होतं. सहा तारखेला ताई आणि रेवा समोर बसल्या असताना इरफान मला म्हणाला होता, “रॅम टाकली तर वाद्यं जास्त बसतील, पर बाईंचा आवाज घ्यायला तिची काय गरज? एका माणसाचा आवाज त्या डब्याला काहीच जड न्हाई. आत्ता नुसता आवाज घेऊन ठेवा. वाद्यं मागनं लावा, न्हाईतर वाद्यांची एक फाईल करून तिच्यावर गाऊन घ्या.” आणि हे मला कुणी सांगायची गरजच नव्हती. कुठल्याही स्टुडिओत पहिल्या आठवड्यात शिकवतात ते. मला ते माहीत होतं. पण तसं केलं असतं तर ताई त्यांच्या मनानं, त्यांच्या श्वासानं गायल्या असत्या आणि माझी एकतीस वाद्यं कोपऱ्यात उभी राहिली असती. कोल्हापूरला पाठवायचा नमुना झाला नसता. मला ताईंचा आवाज माझ्या संगीतावर चढवायचा होता. रॅम कमी होती हे खरं होतं. रॅमसाठी थांबलो हे खोटं होतं.

शोधाच्या शेवटी एक तुकडा निघाला. नऊ सेकंदांचा. इरफाननं तो लावला.

खाकरल्याचा आवाज आला. मग “जया, पंखा बंद कर रे. आवाज येतोय त्याचा.” मग माझी खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि संपलं. नलूताईंचं एवढंच उरलं होतं. शाळेच्या संमेलनांच्या कॅसेटी होत्या, पण त्यांत मुली गातात. ताईंची फक्त पेटी ऐकू येते. स्वतःला रेकॉर्ड करून घ्यावं हे त्यांच्या मनात कधी आलंच नव्हतं. आयुष्यात एकदाच आलं, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या.

मी दवाखान्यात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. इरफानच्या फोनचंही सांगितलं, कोल्हापूरचंही. रेवा औषधं आणायला खाली गेली होती. मी बोलत होतो आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मग मी तो नऊ सेकंदांचा तुकडा त्यांना ऐकवला. त्यांचे खांदे हलले. हसत होत्या, आणि हसण्याचाही आवाज येत नव्हता. “पंख्याला ओरडतानाच सापडले होय!” त्यांनी लिहिलं. ते वाचून मी मात्र लहान मुलासारखा रडलो. त्यांनी मला रडू दिलं. समजूत घातली नाही, “असू दे” असंही लिहिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं पाटी पुसली, ओल राहिली होती म्हणून पुन्हा पुसली आणि लिहिलं, “मग लग्नात तू म्हण.”

“ताई, मला गाता येतं का?”

“शिकवते.”

त्याखाली आणखी एक ओळ लिहिली. “रेवाला आत्ता काही सांगू नकोस. लग्न होऊ दे.”

पुढचा दीड महिना मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे बसलो. आवाज नसलेल्या बाईनं मला गाणं शिकवलं. सूर खाली गेला की त्यांचा तळहात वर उचलला जायचा. घाई केली की बोट टेबलावर एकदा टकटक व्हायचं. वहीतल्या पाचही कडव्यांत त्यांनी लाल पेन्सिलीनं छोटी छोटी टिंबं काढून दिली होती, श्वास घ्यायच्या जागांसाठी. वाद्य एकही नव्हतं. खिडकीतून शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या यायच्या तेवढ्याच.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात मुलाकडच्या एका मावशींनी कुजबुज केली, की मुलीच्या आईनं मंगलाष्टका ऐकायच्या नसतात, तिनं तुळशीपाशी जाऊन बसावं. ताईंनी पिशवीतून पाटी काढली आणि त्यांच्यापुढं धरली. “ऐकायच्या नाहीत. म्हणायच्या होत्या.” मावशींनी ते वाचलं आणि त्यांनीच ताईंना हाताला धरून पुढं आणून उभं केलं.

अंतरपाट धरला गेला. मी रेवाच्या पाठीमागं उभा होतो, मामाच्या जागी, हातात वही. पहिली दोन कडवी निघून गेली. तिसरं सुरू केलं. “रेवा माझि निघे घरातुन अता” इथपर्यंत आलो आणि समोर रेवाची मान खाली गेलेली दिसली, तिच्या मुंडावळ्या थरथरताना दिसल्या. पुढचे शब्द डोळ्यांत पाणी नको असे होते. ते मला म्हणवेनात. पाचशे माणसं अक्षता मुठीत धरून थांबली. कुठंतरी एक मूल रडलं. अंतरपाट धरलेले गुरुजी माझ्याकडे बघायला लागले.

मी वहीवरून मान वर केली. समोर, लोकांच्या पहिल्या रांगेत नलूताई उभ्या होत्या. गळ्याभोवती रेशमी रुमाल, डाव्या मुठीत अक्षता. त्यांनी उजवा तळहात सावकाश वर उचलला. सूर खाली गेलाय, वर घे.

मी लाल टिंबापाशी श्वास घेतला आणि म्हटलं. बेसूर म्हटलं असेल. पाचही कडवी म्हटली.

नलूताई त्यानंतर तीन वर्षं होत्या. रेवा मस्कतला गेली, ताईंच्या दिवसांना येऊन परत गेली. तिला सांगायचं राहिलं. राहिलं असं नव्हे, मी सांगितलं नाही. दर वेळी फोनवर ती म्हणायची, “मामा, तुम्ही तर सगळं करत होता, ती रॅमच वेळेवर आली नाही,” आणि मी “हो ना” म्हणायचो. ते नऊ सेकंद द्यायचे म्हणजे बाकीचं सगळं सांगायला लागलं असतं, म्हणून ते नऊ सेकंदही मी दाबून ठेवले. पाच संगणक बदलले, प्रत्येकात ते आधी उतरवले. ट्रायल मात्र त्यानंतर एकही पुसली नाही.

गेल्या मे महिन्यात रेवा चार वर्षांच्या लेकीला घेऊन स्टुडिओत आली. खाली भोपळे वाळत होते, वर उकाडा मरणाचा. मी पंखा मोठा केला. ती पोरगी माझ्या फिरत्या खुर्चीवर गोल गोल फिरत होती.

“मामा,” रेवा म्हणाली, “ही विचारते, आजी कशी बोलायची. मला नक्कल करून दाखवता येत नाही. आणि आता तर मला स्वतःलाच नीट आठवेनासं झालंय.”

तेव्हा मी तिला सांगितलं. पहिल्यापासून, काही न वगळता. इरफान काय म्हणाला ते, तिच्या मोबाइलला मी काय म्हणालो ते, सात डीव्हीडींचं. रेवा खाली बघत ऐकत होती. तिनं एकदाही मध्ये काही विचारलं नाही.

मी स्पीकरवर तो तुकडा लावला. खाकरणं झालं. मग खोलीभर नलूताईंचा आवाज आला, “जया, पंखा बंद कर रे. आवाज येतोय त्याचा.”

रेवानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

ती पोरगी मात्र खुर्चीवरून उतरली. कोपऱ्यातलं स्टूल तिनं फरफटत भिंतीपाशी नेलं, त्यावर चढली आणि टाचा उंचावून पंख्याचं बटण बंद केलं. मग आमच्याकडे वळून म्हणाली, “केला बंद.”

पाती हळूहळू फिरून थांबली. कपाळावरून घाम ओघळत होता. आम्ही तिघंही तसेच बसून राहिलो, पंखा परत कुणीच लावला नाही.